फोनचं झबलं

४ नोव्हेंबर, सोमवार

पडला! घरात येऊन आठवडा नाही झाला आणि पडला. माझ्याच हातून. ओट्यावरून खाली, फरशीवर. आवाज असा झाला की वाटलं, गेला! उचलून बघितला तर चालू होता. पण एका कोपऱ्याचा टवका गेलाय. दिसेल न दिसेलसा, पण गेलाय तो गेलाय. हाताला तेल लागलेलं आणि तसाच धरायला गेले! लाज वाटली.

सून संध्याकाळी आली, म्हणाली, "काय म्हणतो फोन?" मी म्हटलं, "मजेत आहे!" — आणि कोपरा अंगठ्याखाली झाकून धरला. पाटीवर पाणी सांडलेल्या पोरीसारखी उभी होते मी.

तिने केवढ्या काळजीने दिला तो. मागे मी न्हाणीघरात चक्कर येऊन पडले ना, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर. मुलगा माझा जहाजावर, वर्षातून कधीतरी उगवतो. नात शाळेत. सून चष्म्याच्या दुकानात. दिवसभर घरात मी आणि भिंती. म्हणून हा फोन. तिने दाखवलं — कडेला एक बारकं बटण आहे, ते भराभर दाबत सुटायचं, की तिला आपोआप फोन लागतो. काही शोधायला नको, वाचायला नको. "पडलात, घाबरलात, काहीही झालं तरी नुसतं हे दाबा आई. मी ऐकते आणि धावत येते." लागताना त्याचा भोंगा वाजायचा, तो तिने बंद करून टाकला. "नाहीतर भोंग्यानेच दचकून पडाल!" आता तो आपला मुकाट थरथरतो.

मला फोन फार आवडलाय. खोटं कशाला सांगू. दिवसातून किती वेळा उघडते आणि मिटते. पण आता कव्हर हवं. उद्याच.

५ नोव्हेंबर, मंगळवार

कोपऱ्यावरच्या कव्हरवाल्याकडे गेले. दुकान केवढं — तो बाहेर आला की गिऱ्हाईक आत जाणार, एवढं! पण भिंती पाहाव्यात. वरपासून खालपर्यंत कव्हरं टांगलेली, जशी काही हजार फोनांची कातडी सोलून वाळत घातलीत.

तो म्हणाला, "आजी, फोन कुठला?"

मी म्हटलं, "काळा."

रांगेतले सगळे हसले. तोही हसला. मग मी पण हसले, पण कान गरम झाले होते. कंपनी विचारत होता म्हणे. मला काय माहीत! त्यानेच उलटा करून बघितला. रबराचं पारदर्शक कव्हर चढवून दिलं. कोपऱ्यावरचा टवका बघून म्हणाला, "बाळ पडलं वाटतं?" मी म्हटलं, "हळू बोला."

७ नोव्हेंबर, गुरुवार

रबर बाद. खिशात जातं ते बाहेरच येत नाही. बाजारात फोन वाजला, ओढला, तर अख्खा खिसा उलटा होऊन बाहेर! रुमाल, गोळ्यांची पट्टी, देवळाबाहेर उचललेलं जुनं बटण — सगळं रस्त्यावर. भाजीवाली म्हणाली, "आजी, तुमचं दुकान मांडलंत की काय?"

बदलून आणलं. आता वहीसारखं उघडतं ते. झाकण असलेलं. फारच साहेबी दिसतं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

साहेबी गेलं खड्ड्यात. जहाजावरून मुलाचा फोन आला, तोंड दिसतं तो. किती दिवसांनी! मी झाकण मागे दुमडून धरलं. तो म्हणतो, "आई, अंधार का आहे? दिवे गेले का?" मी म्हणते, "नाही रे, लखलखीत आहे!" तो म्हणतो, "मग तोंड दाखव ना." मी म्हणते, "दाखवतेय की!" असं किती वेळ चाललं. पोराला आईऐवजी काळोख दिसत होता आणि मी त्या काळोखात हसून हसून बोलत होते. नात शाळेतून आली तेव्हा उलगडलं. मी फोन उलटा धरला होता आणि झाकण बरोबर फोनच्या डोळ्यावर! तोवर मुलाची वेळ संपली. म्हणाला, "जाऊ दे आई, आवाज ऐकला ना." मला इतकं ओशाळं वाटलं. तो तिकडे समुद्रात, आणि मी तोंडसुद्धा दाखवू शकले नाही.

नात सांत्वन म्हणून स्वतःचं जुनं सशाच्या कानांचं कव्हर घेऊन आली. कान एवढे लांब की फोन आधी आत येतो, मग कान येतात. ठेवून दिलं.

१० नोव्हेंबर, रविवार

शिवलं! मीच शिवलं!

सुचलं कसं नाही आधी? शर्टांच्या कारखान्यात जन्म गेला माझा. त्यातही कॉलरवर. बाकीचा शर्ट कोण शिवायचं, कसा दिसायचा, मला पत्ता नसायचा — माझ्याकडे फक्त कॉलरी यायच्या. पण माझी कॉलर अशी उभी राहायची की ढेरपोट्या माणसालाही वाटावं आपण कुणीतरी आहोत. तर फोनची कॉलरच केली मी. आतून मऊ अस्तर, मधे कॉलरीत घालतात ते कडक बकरम, बाहेरून मुलाच्या जुन्या पँटचं जाड कापड. कोपऱ्यांना दुहेरी शिवण. गळ्यात अडकवायला गोफ. आणि कडेवरून एक पट्टी आणून तिला टिचबटण लावलं, म्हणजे फोन आतून निसटायला नको. घट्ट! मापात! झबलं घातलेल्या बाळासारखा दिसतो.

सून म्हणाली, "आई, काय हात आहे तुमचा!" ती सहसा बोलत नाही असं. मी दिवसभर फुगलेली.

आणि त्या टिचबटणाचा आवाज! टिच — टिच. उघडलं, लावलं. हाताला चाळाच लागलाय. बोलताना तर हात आपोआप तिथेच जातो.

११ नोव्हेंबर, सोमवार

खाली तोफेकडे जाऊन बसले दुपारी. तोफ म्हणजे खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण. तिला कानाने कमी ऐकू येतं, म्हणून ती मोठ्याने बोलते, म्हणून तोफ. आणि तिला ऐकू यावं म्हणून मीही मोठ्याने. आम्ही दोघी कुजबुजलो तरी जिन्यावरची मांजर पळते.

तिला झबलं दाखवलं. म्हणाली, "सुनेने फोन दिला? नशीबवान आहेस!"

झालं! मला चेव आला. म्हटलं, "फोन कसला, गळ्यात घंटा बांधलीय माझ्या!" आणि मग सुनेची नक्कल. काखेत पिशवी धरायची, हनुवटी वर, आणि नाकातून — "आई, गॅस बंद केला? आई, दार लावलं? आई, गोळी घेतली?" — चालते पण अशी, पायाखाली मुंग्या असल्यासारखी. तोफ हसून हसून खुर्चीतून घसरायला आली. मी आणखी लावलं — "मी भांडं घासून ठेवलं की ही परत घासते. जसं काही मी त्याला रोग लावला!" हात सारखा टिचबटणावर. टिच टिच टिच.

मधेच छातीवर काहीतरी थरथरल्यासारखं झालं. म्हटलं वय झालं, काळीज धडधडतं जास्त हसलं की.

संध्याकाळी सुनेने दारातूनच विचारलं, "आई, आज बऱ्या होतात ना?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय!" तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

गंमतच! मी घासलेला तवा सुनेने जसाच्या तसा कपाटात ठेवला. परत घासला नाही. मी डोळे फाडून बघत राहिले. कालही नाही, आजही नाही. सून सुधारली!

दुपारी तोफेला सांगितलं तर म्हणाली, "चहाचं पण बघ मग. तू म्हणतेस ना, पांचट करते." मी म्हटलं, "पांचट? अगं, कपाचा तळ दिसतो! गरम पाणी पिवळे कपडे घालून आलंय असं वाटतं!"

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळचा चहा — दाट! आलं घातलेला! मी म्हटलं, "आज काय विशेष?" सून म्हणाली, "काही नाही. असाच."

मला वाटतं मी जे मनात आणते ते व्हायला लागलंय. तोफ म्हणते, "मग माझ्या गुडघ्याचं पण जरा मनात आण."

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मन खट्टू होतं आज. नातीकडून कळलं, सुनेची मालकीण दुसरं दुकान उघडतेय, पार त्या टोकाला. ते सुनेच्याच हाती द्यायचंय तिला. सून अजून हो म्हणाली नाही. नातीला म्हणाली, "आजीचं काय ते ठरलं की सांगीन."

आजीचं काय ते! म्हणजे मला लेकीकडे धाडायचं असणार. दुसरं काय! लेक परगावी, तिचं घर लहान, जावई शिस्तीचा. मी जायची आणि दाराशी गाठोडं होऊन बसायची.

खाली जाऊन तोफेपुढे मोकळी झाले. फार बोलले. म्हटलं, "दुकान मिळतंय ना, मग म्हातारीची अडगळ होणारच. अगं, हिच्या पोटात माया नावाची वस्तूच नाही. असती तर एवढ्या दिवसांत एकदा तरी माझा हात धरून बसली असती. फोन देऊन मोकळी!" रडलेसुद्धा थोडी. हात आपला टिचबटणाशी खेळतोय.

तोफ म्हणाली, "अगं हळू, मला ऐकू येतंय." तिला ऐकू येतंय म्हणजे किती मोठ्याने बोलत असेन मी!

संध्याकाळी काय व्हावं — सून कामावरून आली, पिशवी ठेवली, आणि येऊन माझ्या शेजारी बसली. माझा हात हातात घेतला. मी अवघडले. म्हटलं, "हात गार आहेत तुझे." ती म्हणाली, "दुकानात काचा पुसते ना दिवसभर." बसली तशीच. डोळे लाल होते.

मला उगीचच अपराध्यासारखं वाटलं. दुपारी काय काय बोलले आणि ही अशी! पण मग म्हटलं, हिला काय माहीत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

लिहू की नको. लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगायचं तोंड नाही.

चष्म्याची काडी सैल झाली होती. म्हटलं, सुनेच्या दुकानातच जाऊ, तिला चकित करू. बसने गेले, नवे कपडे घालून, गळ्यात झबलं. केवढी खुशीत होते! दुकानात सून नव्हती, मालाच्या पेट्या सोडवून आणायला गेली होती. मालकीण होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, "माझा चष्मा जरा बघता का?"

तिने मान वर केली. "अय्या! तुम्ही आई ना? आवाजावरून ओळखलं!"

मी सुखावले. म्हटलं, सून माझं कौतुक सांगत असणार. विचारलं, "माझा आवाज कुठे ऐकलात तुम्ही?"

"म्हणजे काय! रोजचाच आहे की! तुमचा फोन आला की ती आत डोळे तपासायच्या खोलीत जाते. फोन टेबलावर ठेवते मोठ्या आवाजावर आणि काचा पुसत बसते. मी काही विचारायला गेले की माझ्याही कानावर पडतं." आणि हसून म्हणाली, "नक्कल मात्र झकास करता हो! गॅस बंद केला? दार लावलं? — डोळे मिटले तर वाटावं तीच बोलतेय!"

मला वाटलं ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. मी म्हटलं, "मी कुठे फोन करते?"

"ते अडचणीच्या वेळचं बटण नाही का? चुकून दाबलं जातं म्हणे तुमच्याकडून. पहिल्या दिवशी तर काय पळाली! गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा अर्धा ठेवून! बसमध्ये बसून कानाला फोन लावला, तर तुम्ही तोफांचे गोळे सोडताय! अर्ध्या वाटेतून परत आली."

हसत होती ती. वाईट मनाची नाही. तिला वाटत होतं आमची ती गंमतच आहे.

मी विचारलं, "मग तिने फोन बंद का नाही केला?"

"मी तेच म्हटलं. कशाला ऐकतेस? तर म्हणते, 'बंद केला आणि त्या नेमक्या तेव्हाच पडल्या तर?' शेवटपर्यंत ऐकते. परवा शुक्रवारी तर डोळे पुसतच बाहेर आली. म्हणाली, काचेचं औषध उडालं डोळ्यात."

शुक्रवारी.

पुढचं काही मला नीट आठवत नाही. म्हटलं, "मी आले होते ते तिला सांगू नका," आणि निघाले. बसमध्ये माझ्या शेजारी जागा होती तरी मी उभी राहिले. बसावंसं वाटेना. तवा आठवला. चहा आठवला, आल्याचा. आणि तो हात! मी कुणापुढे रडून मागितला आणि कुणी आणून दिला! आणि मी म्हणतेय सून सुधारली. मी मनात आणते ते होतं! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि एवढं करून चष्मा दुकानातच विसरले.

संध्याकाळी सुनेने पिशवीतून काढला. दुरुस्त केलेला, पुसलेला. "चष्मा राहिला होता तुमचा." एवढंच. स्वतः माझ्या नाकावर बसवला, दोन्ही काड्या कानांवर सरळ केल्या, लांबून बघितलं, पुन्हा जवळ येऊन जरा दाबल्या. गिऱ्हाइकांना करते तसं.

"कानामागे दुखतंय का?"

मी म्हटलं, "नाही."

तिला कळलंय की मला कळलंय. चष्म्यातून तिचा चेहरा इतका स्पष्ट दिसला की मी खाली बघितलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मनाची एक वेडी आशा, की मालकिणीचं काहीतरी चुकलं असेल. घरात कुणी नसताना झबलं हातात घेऊन बसले. हळूच बोट लावून बघितलं — पट्टीवरचं टिचबटण बरोबर फोनच्या त्या बारक्या बटणावर येतं. माझी शिलाई मापात म्हणजे मापात! दाबलं. टिच टिच टिच टिच. थरथरलं. ते माझं काळीज नव्हतं.

सुनेचा फोटो आला. मग आकडे पळायला लागले. तिने घेतला होता. पण बोलली नाही. दुकानातला आवाज येत होता — खण उघडल्याचा, दाराच्या घंटीचा. माफी माग, माफी माग, असं मन म्हणत होतं, आणि जिभेला कुलूप. तोफेपुढे किल्ली लागत नाही मला कधी!

शेवटी खोकले. मुद्दाम. म्हणजे तिला कळावं, आहे. मग तिने ठेवला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज काही लिहवत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

झबलं उसवलं. स्वतःच्या हाताने घातलेली दुहेरी शिवण उसवताना बोटं दुखली. दुखू देत.

कव्हरवाल्याकडे गेले. म्हटलं, "असं दे की कडेचं बटण चुकून कधी दाबलंच जाणार नाही." त्याने वरून एक काढलं. कडक, कोपरे जाड, आणि त्या बटणाच्या भोवती उंच कठडा. "हे घ्या आजी, आता बोट रोवून मुद्दाम दाबल्याशिवाय काही होत नाही. हत्तीने पाय दिला तरी!" चढवलं तर टक्‌ करून बसलं. टवकासुद्धा झाकला गेला. इतके दिवस शोधत होते ते कव्हर हेच. अगदी हेच. आणि मला जरासुद्धा आनंद झाला नाही.

फोन गळ्यात घालवत नाही आता. हात लावायची लाज वाटते. कपाटात, कपड्यांच्या घडीत ठेवते. तिथून पडायचाही प्रश्न नाही.

तोफेकडे गेले थोडा वेळ. तिच्या पायाच्या कुरुपाबद्दल बोललो. मग वाऱ्याबद्दल. ती म्हणाली, "जीभ कुठे गहाण टाकलीस का गं? सुनेचं काय नवीन?" मी म्हटलं, "चांगली आहे." ती म्हणाली, "काय?" मी ओरडून म्हटलं, "चांगली आहे!" आज हे ओरडलेलं कुणालाच ऐकू गेलं नसणार.

२४ नोव्हेंबर, रविवार

सून भाजी निवडत होती. मी समोर बसले आणि पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं, "तू ते दुकान घे. माझ्यासाठी अडू नकोस. मी लेकीकडे जाते. तिने बोलावलंय."

सून म्हणाली, "ताईंशी कालच बोलणं झालं माझं. त्यांनी बोलावलेलं नाही."

या वयात खोटं पकडलं गेलं माझं, भाजीच्या ताटापुढे! निदान तोंड तरी धड फिरवावं, तर तेही जमलं नाही.

ती म्हणाली, "आणि कुठेही जायचं नाही तुम्ही. ताईंना मी वेगळंच विचारत होते — दिवसा त्या तुम्हाला मधूनमधून फोन करतील का म्हणून. दुकान घेतलंय मी. आधी भीती वाटत होती, तिथून घरी यायला दोन बस. पण गेले काही दिवस ऐक—" मधेच थांबली. देठ मोडला एक. "बघतेय ना, तुमचं छान चाललंय. म्हणून हो म्हटलं."

ऐकतेय म्हणणार होती. मी माझ्या नखांकडे बघत बसले.

"उद्या पहिला दिवस आहे. फोन तेवढा जवळ ठेवा म्हणजे झालं."

मी मान हलवली. केवढा मान मिळालाय तिला, तोंडभरून काही म्हणायला हवं होतं. नातीने टाळ्या वाजवल्या, मी नुसती हसले, तेही अर्धं. रात्रीच्या जेवणात तिने भात जास्त शिजवला होता. कधी नव्हे ते मी कुणाला काही म्हटलं नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

भर दुपारी सून दारात. धापा टाकत. सकाळपासून फोन करतेय, एकही उचलला नाही. आणि तो बिचारा कपाटात, कपड्यांच्या घडीत, त्या कडक कव्हरात कोंडून वाजतोय, मला काय ऐकू येणार! नवं दुकान पहिल्याच दिवशी मालकिणीवर टाकून, दोन बस बदलून आली. मला धड बघितलं आणि भिंतीला टेकली. म्हणाली, "तुम्ही मला नावं ठेवत असता ना आई, तेव्हा मी निवांत असते. नक्कल चालू आहे म्हणजे बऱ्या आहात. इतके दिवस काहीच नाही. मला वाटलं—"

माफी मागायची होती. खरंच मागायची होती. तोंडातून निघालं ते हे — "चपला घालून आत आलीस! आणि असं भरलं दुकान टाकून पळतात का गं, वेंधळे?"

ती मटकन खाली बसली. चपलांसकट. डोळे पुसत म्हणाली, "हां. अजून बोला."